सामाईक पाट जिरवण्याचा सनदशीर मार्ग

सातारा-सांगलीकडे ज्यांच्या रानाला खेटून ओढ्यावरच्या बंधाऱ्याचा जुना सामाईक पाट जातो, अशा भाग्यवंतांसाठी हे मार्गदर्शन आहे. पाटाच्या शेवटी ज्यांची जमीन आहे, त्यांनी ते वाचले नाही तरी चालेल. पाणी नाही ते नाही, निदान झोप तरी लागावी.

सर्वप्रथम, घाई करू नये. जेसीबी लावून एका रात्रीत पाट बुजवणे हे अडाणीपणाचे लक्षण आहे. त्याने शेजारी जागा होतो, आणि मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 खाली शेतीच्या पाण्याच्या वाटेतला बेकायदा अडथळा काढून टाकण्याचा हुकूम तहसीलदार देऊ शकतात, हे सांगणारा एखादा निवृत्त तलाठी पारावर बसलेला असतोच. मात्र हा दावा कारण घडल्यापासून 6 महिन्यांच्या आत दाखल करावा लागतो, हे तो सहसा शेवटी सांगतो, आणि तोवर ऐकणारा उठून गेलेला असतो. आपले सारे शास्त्र या 6 महिन्यांवर उभे आहे. उन्हाळ्यात पाट कोरडा असताना नांगरटीच्या निमित्ताने त्याचा काठ वीतभर आपल्या रानात घ्यावा, दुसऱ्या वर्षी आणखी वीतभर, आणि पाट सरीएवढा उरला की जुलैमध्ये त्यावरच आडसाली उसाची लागण करावी. शेजारी तक्रार घेऊन आला, तर त्याला खुर्ची द्यावी, चहा पाजावा आणि म्हणावे, ‘‘आप्पा, एवढा ऊस तुटू द्या, मग पाट पहिल्यासारखा मोकळा करून देतो.’’ आडसाली ऊस 16 ते 18 महिने रानात उभा असतो. उभ्या पिकात नांगर घाला, असे म्हणण्याची आप्पांची हिंमत होत नाही. ऊस तुटल्यावर खोडवा, म्हणजे त्याच बुडख्यांतून फुटणारे पुढचे पीक, राखावा. तोवर मामलेदार न्यायालयाची मुदत सरलेली असते. दिवाणी न्यायालयाचे दार उघडे असते हे खरे, परंतु त्या दारातून आत गेलेला माणूस बाहेर येईपर्यंत आपला नातू दारे धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, लागलेला असतो.

आप्पा फारच हट्टाला पेटले, तर उदारपणे पाईप द्यावा. तीन फुटी पाटाच्या जागी सहा इंची पाईप पुरून ‘‘आता पाणी झिरपणार नाही, उलट तुमचाच फायदा’’ असे चारचौघांत सांगावे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 49 खाली दुसऱ्याच्या जमिनीतून पाण्याची वाट मिळवण्यासाठी तहसीलदारांकडे अर्ज करता येतो, आणि तशी वाट पाईपची असेल तर तो किमान अर्धा मीटर खोल हवा, पाटाची असेल तर रुंदी दीड मीटरपर्यंत असू शकते. ही माहिती आप्पांना देण्याची आपल्यावर सक्ती नाही. आपण पाईप वीतभर खोल पुरावा. पुढच्या नांगरटीत तो फुटतो, आणि फुटलेला पाईप कोणाच्या खर्चाने बदलायचा यावर दोन हंगाम सहज निघतात.

रूढीचेही थोडे भान ठेवावे. पाण्याची पाळी कशी फिरते, पहिले दारे कोणाचे, पाट कोणी साफ करायचा, हे म्हाताऱ्यांच्या तोंडी असते, आणि तिथेच असलेले बरे. याच संहितेच्या कलम 165 खाली गावातल्या सिंचनाच्या व वहिवाटीच्या रूढींची नोंद जिल्हाधिकाऱ्यांनी ‘वाजिब-उल-अर्ज’ नावाच्या दप्तरात करायची असते. आपल्या गावाचे ते दप्तर कुठे आहे, असा प्रश्न ग्रामसभेत कोणी काढलाच, तर तात्काळ यात्रेच्या वर्गणीचा विषय पुढे घ्यावा. सुविधाधिकार अधिनियम, 1882 प्रमाणे 20 वर्षे उघडपणे, शांततेने आणि हक्काने अखंड घेतलेल्या पाण्याला कायद्याचे संरक्षण मिळते. पण अखंड 20 वर्षे न वापरलेला हक्क नाहीसाही होतो. म्हणजे थांबण्याची तयारी असलेल्या माणसाचा कायदा कधीच अपमान करत नाही.

कालव्याच्या लाभक्षेत्रात राहत असाल तर अडचण जरा वेगळी आहे. शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाच्या 2005 च्या कायद्याने पाणी वापर संस्थेच्या संचालक मंडळात शीर्ष, मध्य आणि पुच्छ, म्हणजे कालव्याची सुरुवात, मधला भाग आणि शेवट, अशा तिन्ही भागांचे प्रतिनिधी लागतात. पुच्छाचा प्रतिनिधी आपल्या सासुरवाडीचा निवडावा.

एका तरतुदीबद्दल मात्र 1879 च्या मुंबई पाटबंधारे अधिनियमाचे आभार मानायला हवेत. पाटातले पाणी अनधिकृतपणे वापरले गेले आणि वापरणारा सापडला नाही, तर ज्याच्या जमिनीला त्या पाण्याचा लाभ झाला त्याच्यावर, आणि तसाही कोणी न आढळल्यास त्या पाटावरच्या सर्व पाणीपट्टीदारांवर जबाबदारी टाकण्याची सोय त्यात केलेली होती. ज्याला थेंबही मिळाला नाही, त्यालाही भागीदार करून घेणारी एवढी व्यापक दृष्टी सहकारातसुद्धा क्वचितच आढळते.

खरा धोका वकिलांपासून नसून पुच्छाच्या दीड एकरातल्या एखाद्या विधवा बाईपासून असतो. ती भांडत नाही, चहाला येत नाही, खोडव्याची वाट पाहत नाही. ती चौथ्या महिन्यात सातबारा, गावनकाशाची नक्कल आणि पाट साफ करायला जाणाऱ्या दोन म्हाताऱ्यांची नावे घेऊन तहसील कचेरीत जाते, दाव्याच्या अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का मागते, आणि तो मिळेपर्यंत टेबलापासून हलत नाही. असा शिक्का पडल्याचे कानावर आले, तर पंचनाम्याला मंडल अधिकारी येण्याआधी ऊस आपल्या हाताने उपटून पाट मोकळा करावा, आणि सांगावे की हे काम आपण शेजारधर्म म्हणून कधीचेच करणार होतो.