आवराआवरी

दुसऱ्याने आवरलेल्या सामानात आपलं काही सापडत नाही, हा अनुभव मला लिनक्सच्या कर्नलने, म्हणजे त्या संगणकप्रणालीच्या गाभ्याने, भरपगारी दिला.

ऐरोलीतल्या आमच्या ऑफिसात एका यंत्रासाठी नेटवर्क ड्रायव्हरवर, म्हणजे नेटवर्क कार्ड चालवणाऱ्या कोडवर, चढवलेले घरगुती पॅच (आम्हीच केलेले बदल) होते, कर्नल २.६ च्या जमान्यातले. ते नव्या कर्नलवर बसवायचं काम माझ्याकडे आलं. ‘तासाभराचं काम,’ साहेब म्हणाले. साहेब असं म्हणाले की मी घरी ‘तुम्ही जेवून घ्या’ असं कळवून टाकतो.

पॅच लावला, तर फाइलच जागेवर नाही! पूर्वी झाडून सगळे ड्रायव्हर ‘ड्रायव्हर्स/नेट’मध्ये दाटीवाटीने राहायचे. २०११ साली कुणाला तरी ते बघवेना. आत ‘इथरनेट’ नावाचं फोल्डर निघालं, त्यात कंपनीवार खोल्या पडल्या आणि जानेवारी २०१२ च्या ३.२ आवृत्तीत मंडळी नव्या पत्त्यावर दिसली. आमचं कार्ड इंटेलचं, ते ‘इंटेल’मध्ये मिळालं. पण शेजारच्या पाट्या वाचण्यासारख्या होत्या. सन आणि थ्रीकॉम या कंपन्या २०१० मध्येच विकल्या गेलेल्या, डेक तर १९९८ मध्ये. तिघींना स्वतंत्र ब्लॉक मिळाला तो नंतर.

फाइलचा इतिहास काढावा तर तोही २०११ लाच सुरू! गिट ही कर्नलच्या कोडमधल्या बदलांची नोंदवही, पण ते स्थलांतराची नोंदच ठेवत नाही. एक फाइल गेली, दुसरी उगवली आणि दोघी निदान निम्म्या सारख्या दिसल्या, तर ‘हलवली असावी’ असा अंदाज बांधतं. एकाच फाइलचा इतिहास काढताना तोही मुद्दाम विचारलं तर.

आवरूच नये, असं मात्र मला म्हणवत नाही. ३२ बिट प्रोसेसरांसाठीचं ‘आय३८६’ आणि ६४ बिटवाल्यांसाठीचं ‘एक्स८६_६४’ ही फोल्डर वेगळी होती तेव्हा एकीकडचा दोष दुरुस्त व्हायचा आणि दुसरीकडे तोच सुखाने नांदायचा. थॉमस ग्लाइक्सनर आणि इंगो मोल्नार या कर्नलच्या विकासकांनी २००७ मध्ये दोन्ही घरं ‘एक्स८६’मध्ये एकत्र केली. जानेवारी २००८ मध्ये २.६.२४ आली, आत बघावं तर एका छपराखाली दोन चुली: ‘प्रोसेस_३२’ आणि ‘प्रोसेस_६४’ या फाइली. बऱ्याच चुली पुढे एक झाल्या. ही जोडी आजही वेगळंच रांधते.

रविवारी नौपाड्यात सासरे आले होते. नाना सरकारी कचेरीच्या अभिलेख कक्षातून निवृत्त झालेत. बायकोने या कहाणीला पहिल्या वाक्यातच जांभई दिली होती. नाना सुपारी कातरत शेवटपर्यंत ऐकत होते.

“जावईबापू, जुन्या जागी चिठ्ठी ठेवली होती का त्यांनी?”

मी उडालोच. एक्स८६ च्या वेळी खरंच ठेवली होती! तयार कर्नलचा दुवा जुन्या ‘आय३८६’च्या पत्त्यावर सोडला होता, लोकांच्या स्क्रिप्ट अडू नयेत म्हणून.

“आणि तुमच्या त्या नेटवर्कवाल्यांनी?”

“नाही ठेवली.”

“असू दे. नोंदवहीत तर असेल?”

“नाही हो नाना. ती अंदाज करते.”

नानांचा अडकित्ता थांबला.

“अंदाज? आम्हाला मेमो मिळाला असता.”