दोन दिवसांत निवांत कोकण

मुंबईहून पणजीला किनाऱ्याकिनाऱ्याने, अगदी निवांत जायचं ठरलंय ना? मग दोनच दिवस काढा. तिसरा काढलात तर वाटेत कुठेतरी थांबावं लागेल, आणि सहलीला निघाल्यावर थांबायचं म्हणजे काय!

आधी मॅपवर अंतर बघा आणि त्याला साठने भागा. किनाऱ्याच्या रस्त्यावर ताशी तीसची सरासरी पडली तरी नशीब म्हणायचं, पण साठने भागलं की उत्तर कसं गोंडस येतं. अलिबाग ते मुरूड जेमतेम ५० किलोमीटर, म्हणजे पाऊण तास धरा. नागाव-चौलच्या वाड्यांमधल्या रस्त्यावर समोरून एसटी आली की मागे कुणी जायचं यावर जी बोलणी होतात, त्यांचा वेळ धरू नका. गावागणिक गतिरोधक, देवळापाशी काटकोनात वळणारा रस्ता, कडेला वाळत घातलेली सुकट, हेही सोडून द्या.

मग खाड्या. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो, म्हणजे गाड्या नेणारी बोट, धरली, तर आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड आणि शेवटी तेरेखोल-केरी, अशा सहा ठिकाणी गाडी पाण्यावरून न्यायची आहे. प्रत्येकीला दहा मिनिटं पुरे. आपण धक्क्यावर पोचायला आणि फेरीबोट सुटायला एकच गाठ पडणार, असं पक्कं धरून चाला. शनिवारी सकाळच्या रो-रोचं आरक्षण शुक्रवारी रात्री जेवण झाल्यावर करा. मोबाइलमध्ये ‘फेरी टाळा’ ही खूण चालू राहिली असेल तर तशीच राहू द्या. दाभोळच्या धक्क्यावरून समोर दिसणाऱ्या धोपाव्याला जायला ती तुम्हाला दापोली, खेड, चिपळूण आणि गुहागर असं शंभरावर किलोमीटर फिरवून आणेल. तेवढंच कोकण जास्त बघून होईल.

बोटीत गाडी बऱ्याचदा उलटी चढवावी लागते, कारण फळी एकाच बाजूला असते. या कामाला घरातला नवशिका पुढे करा. पाणी उतरलेलं असलं की फळीचा चढ वाढतो आणि बुटक्या गाडीचा मागचा बंपर तिच्या कडेला घासतो. फेरीवरचा माणूस हाताने डावं-उजवं दाखवत असतो, त्याच्याकडे न बघता मागे बसलेल्या काकांचं ऐका. चढल्यावर हँडब्रेक ओढून गाडी गिअरमध्ये ठेवायची पद्धत आहे, ती पाळू नका. खाडी काय, संथच असते.

आता खरी मौज, पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूत, गाडी घालण्याची. त्याशिवाय फोटोला अर्थ नाही. किनाऱ्यावरचे लोक तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात: चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती आणि नवाच्या सुमाराला ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीला भांग, म्हणजे पाण्याचा चढउतार कमी. असलं गणित तुम्ही करू नका, दिनदर्शिका भिंतीवरच बरी. पाण्यालगतची ओली वाळू सिमेंटसारखी घट्ट लागते, म्हणून खुशाल जा. परतताना वरची कोरडी भुसभुशीत वाळू लागेल आणि पुढची चाकं जागच्या जागी फिरू लागतील, तेव्हा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर गच्च दाबा. दोन मिनिटांत गाडी पोटावर बसते. थांबून चाकांची हवा बत्तिसावरून अठरा-वीसवर आणणं, चाकापुढची वाळू हाताने उपसणं, पुढच्या चाकांखाली झावळ्या किंवा पायपुसणी सारणं आणि दुसऱ्या गिअरमध्ये हलक्या पायाने सोडवणं, हे भित्र्यांचे उद्योग. तुम्ही ट्रॅक्टरचीच वाट बघा. तो येतो, फक्त पाणी सायलेन्सरपर्यंत आल्यावर येतो, आणि त्याचा भावही पाण्याबरोबरच चढलेला असतो. इंजिनात पाणी गेलं तर साधा विमा सहसा हात वर करतो. इंजिनासाठी वेगळा हप्ता भरलाय का, हे त्याच वेळी फोन करून विचारा. खालून खारं पाणी लागलेली गाडी त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवायला हवी, पण ब्रेकच्या डिस्कवर गंज चढायला सोमवार उजाडेल. तोवर तुम्ही ऑफिसात.

जेवायचं आधी कुणाला सांगू नका. पावणेतीनला खानावळीच्या ओट्यावर आठ जणांनी उभं राहून गरम भाकरी आणि उकडीचे मोदक मागा. जुलैत गेलात तर ‘आजचीच ना?’ असं सुरमईबद्दल जरूर विचारा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते, त्यामुळे मालकिणीच्या चेहऱ्यावरचं हसू मात्र ताजं मिळेल.

दिवेआगर ते श्रीवर्धन हा शेखाडीवरून जाणारा रस्ता समुद्राला खेटून जातो. तिथे मागच्या सीटवर सगळे झोपलेले असावेत, असं वेळापत्रक बांधा. रत्नागिरीजवळ आरे-वारेच्या किनाऱ्याला थांबायचंच झालं तर गाडी वळणावरच लावा. चांगली दिसते, आणि मागून येणाऱ्यालाही तुमच्याबरोबर समुद्र बघावा लागतो.

दुसऱ्या दिवशी रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, कुणकेश्वर, मालवण, वेंगुर्ला. सिंधुदुर्ग किल्ला ४८ एकरांचा आहे, त्याला वीस मिनिटं दिलीत तर उरलेल्या वेळात तारकर्ली बसेल. होडीवाला तासाभराने न्यायला येतो, त्याला घाई करायला सांगा, ऐकेल. पावसाळ्यात होड्या बंद असल्या की हा प्रश्नच सुटतो.

तेरेखोलला पोचाल तेव्हा दिवस कलला असेल. खाडीपलीकडे केरी, रांगेत पुढे चार गाड्या, वाऱ्याला मासळीचा वास. काचा वर घ्या, एसी वाढवा, आणि पणजी आणखी किती मिनिटं दाखवतंय ते बघत बसा.