एकदाच निवडून आलेला माणूस

डोकं तापलेलं असताना लिहू नये म्हणतात, पण आज लिहिणार आहे.

संध्याकाळी एका ओळखीच्यांकडे जेवायला गेलो होतो. माझ्या लेकीला शाळेत अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याच्या एका जुन्या गव्हर्नरवर बोलायचंय आणि तिने एडवर्ड कोल्स निवडलाय. ते ऐकून एक काका पोळीचा घास मोडता मोडता म्हणाले, "तो एकदाच आला ना निवडून? नंतर हरला आणि राज्यच सोडून गेला. जिंकलेला माणूस घे की. लिंकन घे!" चारजण हसले. लेक गप्प झाली. यजमानांचा मान राखायचा म्हणून मीही तिथे गप्प बसले. इथे बसणार नाही.

लिंकन कधी गव्हर्नर नव्हतेच, ते सोडा. पण 1830 साली एकवीस वर्षांचे लिंकन ज्या इलिनॉयमध्ये राहायला आले, तिथे गुलामांचे बाजार भरत नव्हते. ते कुणामुळे?

गेल्या वर्षी बाबा साताऱ्याहून आले होते, तेव्हा आम्ही पिट्सबर्गला गेलो होतो. दोन नद्या मिळून तिथे ओहायो नदी होते. काठावर उभी राहून मी बाबांना कोल्सची गोष्ट सांगितली. व्हर्जिनियातल्या बड्या जमीनदाराचा हा मुलगा. कॉलेजात असतानाच त्याला पटलं की माणूस माणसाचा मालक होऊ शकत नाही. 1808 मध्ये वडील गेले आणि इस्टेटीबरोबर गुलाम वाट्याला आले. 1819 च्या वसंतात तो त्यातल्या बहुतेकांना घेऊन निघाला. पिट्सबर्ग मागे पडल्यावर त्याने सपाट तळाच्या दोन्ही नावा एकमेकींना बांधायला लावल्या, सगळ्यांना समोर बोलावलं आणि सांगितलं की आजपासून तुम्ही माझ्याइतकेच मोकळे आहात. माझ्याबरोबर या, नाहीतर इथेच किनाऱ्याला उतरा. त्याने स्वतःच पुढे लिहून ठेवलंय की आधी कुणाच्या तोंडून शब्दच फुटेना, मग काहीजण हसू लागले आणि मग रडू लागले.

माझा आवाज भरून आला होता. बाबा मात्र निवृत्त तलाठी. त्यांनी शांतपणे विचारलं, "बोलून काय होतंय? कागद केला का? आणि खाणार काय ती माणसं? जमीन कुणाच्या नावावर?"

आयुष्यभर दुसऱ्यांच्या जमिनीची नोंद करत आलेल्या माणसाचा प्रश्न आहे हा. आणि त्याचं उत्तर होतं. इलिनॉयमध्ये एडवर्ड्सविलला पोचल्यावर कोल्सने मुक्ततेचे दाखले लिहून दिले आणि प्रत्येक कुटुंबप्रमुखाला 160 एकर जमीन दिली. भाषण ठोकून हात झटकले नाहीत त्याने.

आता थोरामोठ्यांचं बघा. 1814 मध्ये, राष्ट्राध्यक्ष मॅडिसन यांचा खाजगी सचिव असताना, सत्तावीस वर्षांच्या कोल्सने थेट थॉमस जेफरसन यांना पत्र घातलं. सगळी माणसं जन्मतः समान, असं ज्यांनी लिहिलं त्यांना. गुलामी संपवण्याच्या कामाचं पुढारपण तुम्ही करा, इतकंच मागणं. जेफरसन एकाहत्तर वर्षांचे होते. त्यांचं उत्तर काय? हे काम तरुणांचं. आणि वर सल्ला, की तू व्हर्जिनिया सोडून जाऊ नकोस, आपली माणसं टाकू नकोस. मला हे जेव्हा जेव्हा आठवतं तेव्हा हात थरथरतात. हो, वय झालं होतं. असेल. पण तत्त्व लिहिताना तर नव्हतं झालं!

बरं, काकांचा मुद्दा. एकदाच निवडून आला. खरं आहे, आणि तेही काठावर. 1822 मध्ये चार उमेदवार होते. कोल्सला 2,854 मतं, फिलिप्सला 2,687, ब्राउनला 2,443, मूरला 622. म्हणजे जेमतेम एक तृतीयांश. गुलामीच्या बाजूची मतं फुटली नसती तर तो आलाच नसता, हेही मान्य. असं नशिबाने पद मिळाल्यावर शहाणा राजकारणी काय करतो? गप्प बसतो, चार वर्षं सगळ्यांना सांभाळून घेतो. कोल्सने पहिल्याच भाषणात विधिमंडळाला सांगितलं की राज्यात गुलामीचे जे अवशेष उरलेत ते संपवा, काळ्यांविरुद्धचे कायदे सुधारा, मोकळ्या माणसांना पळवून विकणाऱ्यांना आवरा. कारण इलिनॉय नावाला मुक्त होतं. शॉनीटाउनच्या मिठागरांवर 1825 पर्यंत गुलाम राबवायला खुद्द राज्यघटनेचीच मुभा होती.

विधिमंडळ चवताळलं. गुलामीला मुभा देण्यासाठी राज्यघटनाच बदलू, त्यासाठी खास अधिवेशन बोलावू, असं ठरलं. दोन तृतीयांश मतं हवी होती आणि एक कमी पडत होतं. मग काय केलं? निकोलस हॅन्सन नावाचा सदस्य विरोधात गेला म्हणून, ज्याला सभागृहाने आधी स्वतःच बसवलं होतं त्या हॅन्सनची जागा रद्द करून हव्या त्या माणसाला तिथे बसवलं. झालं बहुमत! त्या रात्री व्हँडेलियात, तेव्हाच्या राजधानीत, दारू प्यालेला जमाव ढोल आणि पत्र्याचे डबे बडवत गव्हर्नरच्या दारात गेला. "अधिवेशन नाहीतर मरण!" ही त्यांची घोषणा.

अधिवेशन बोलवायचं की नाही यावर लोकांचा कौल घ्यायचा होता, म्हणून पुढे दीड वर्ष प्रचार चालला. कोल्सने चार वर्षांचा सगळा पगार, 4,000 डॉलर, या लढ्यात घातला. मित्रांबरोबर व्हँडेलियाचं वर्तमानपत्र हातात घेतलं. मॉरिस बर्कबेक हा इंग्लंडहून आलेला शेतकरी टोपणनावाने पत्रं लिहायचा, साध्या शेतकऱ्याला कळतील अशी. 2 ऑगस्ट 1824 ला मतदान झालं. अधिवेशनाच्या बाजूने 4,972, विरोधात 6,640.

विरोधात मत देणाऱ्या कित्येकांना काळ्या माणसांबद्दल काडीचं प्रेम नव्हतं, त्यांना शेजारी काळे नकोत आणि बडे मळेवालेही नकोत इतकंच होतं, हे मला माहीत आहे. काळ्यांविरुद्धचे जाचक कायदे पुढे 1865 पर्यंत टिकले. मान्य. तरीही 6,640!

आणि त्याला बक्षीस काय मिळालं? खटला. मुक्त केलेल्या प्रत्येक माणसामागे 1,000 डॉलरचा जामीन भरायचा असा कायदा होता, तो भरला नाही म्हणून. हा कायदा छापून लोकांपर्यंत पोचायच्या आधीच कोल्सने दाखले देऊन टाकले होते. तरी दहा माणसांचा 2,000 डॉलर दंड ठोठावला. विधिमंडळाने माफ केला तरी न्यायाधीश ऐकेना. शेवटी 1826 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो उठवला. मी हे फोनवर बाबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "बघ, म्हणून कागदाचं विचारलं. सूड काढायचा तर माणसं कागदातूनच काढतात."

पुढे 1831 मध्ये काँग्रेसची निवडणूक हरला, हो. फिलाडेल्फियाला गेला, हो. आपण मोकळे केलेल्यांना त्या कायद्यांच्या राज्यात ठेवून गेला, आणि काळ्यांना आफ्रिकेत वसवावं या मताच्या लोकांत तोही होता. हे मला आवडत नाही. पण त्याचा धाकटा मुलगा व्हर्जिनियाला परत गेला आणि 1862 मध्ये, अमेरिकेतल्या यादवी युद्धात, रोआनोक बेटावर गुलामी राखू पाहणाऱ्या दक्षिणेच्या बाजूने लढताना मारला गेला, हे वाचलं त्या दिवशी मी पुढचं पान उलटू शकले नाही. आई आहे ना मीही.

म्हातारपणी मॅडिसन यांनाही तो सांगत राहिला, मृत्युपत्रात तरी तुमच्या माणसांना मोकळं करा. 1836 मध्ये मॅडिसन गेले, नाही केलं. जेफरसन 1826 मध्ये गेले, आणि पुढच्या जानेवारीत माँटिसेलोवर त्यांच्या 130 माणसांचा लिलाव झाला. कर्ज होतं म्हणतात. कर्ज असेल. कोल्सच्या माणसांवर बोली लावायला मात्र कुणी येऊ शकत नव्हतं, कारण तोवर ती जवळजवळ आठ वर्षं मोकळी होती आणि दाखले त्यांच्या हातात होते.