विनोद अडतो तो दोन ओळींत

मराठी विनोद मराठी माणसालाच कळतो, तेव्हा इंग्रजी सबटायटल्सवर पैसा घालवू नका, चित्रपट सरळ हिंदीत डब करा. मुंबई-पुण्यातून हा सल्ला अधूनमधून येतो आणि दर वेळी डोक्यात तिडीक जाते. इथे अमेरिकेत कोरियन विनोदावर थिएटर हसतं. त्यात कोरियन कळणारे कितीसे असतात?

‘पॅरासाइट’ या कोरियन चित्रपटाने 2019-20 मध्ये इथे 5 कोटी डॉलरहून जास्त कमावले, ते सबटायटल्ससकट. ती सबटायटल्स लिहिली डार्सी पॅकेट यांनी. जन्माने अमेरिकन, पण अनेक वर्षं कोरियात राहिलेला माणूस. मुलीने बनवलेलं खोटं प्रमाणपत्र पाहून बाप तिचं कौतुक करतो, तेव्हा मूळ संवादात सोल नॅशनल युनिव्हर्सिटीचं नाव आहे. इंग्रजीत तिथे ऑक्सफर्ड आलं, कारण सोलचं नाव इथल्या प्रेक्षकाला थांबून आठवावं लागलं असतं आणि तेवढ्यात हशा गेला असता. दोन वेगवेगळ्या इन्स्टंट नूडल्स एकत्र करून होणाऱ्या ‘जापागुरी’ला रामेन आणि उदोन ही नूडल्सची दोन नावं जोडून ‘रामडॉन’ असं नवंच नाव दिलं. स्वस्त नूडल्सवर महागडं बीफ, हा खरा विनोद, तो पडद्यावर दिसतोच. नाव जिभेवर बसलं की पुरे. काकाओटॉक या कोरियन मेसेजिंग अॅपचं व्हॉट्सअॅप केलं, ते मात्र पटत नाही. इथली पोरं टेक्स्ट करतात.

दारावरची बेल दाबण्याआधी बहीण-भाऊ खोटी ओळख गाण्यातून घोकतात, त्याची चाल कोरियाच्या दोक्दो बेटांविषयीच्या एका गाण्याची. कोरियन माणसाला ती पाठ असते. इथे ती कुणालाच माहीत नव्हती, तरी तो तुकडा तुफान गाजला. संदर्भ हरवला म्हणजे विनोद मेला, असं होत नाही. प्रसंगात दम असेल तर तो उरतो.

मरतो तो वेळेमुळे. सबटायटलच्या एका पाटीत दोन ओळी, ओळीत साधारण 42 अक्षरं, सेकंदाला 17 ते 20 अक्षरांचा वेग, आणि पाटी जास्तीत जास्त 7 सेकंद. कोरियनमध्ये क्रियापद शेवटी येतं, मराठीसारखंच. ‘तुमचे पैसे मी उद्या नक्की... विसरणार’ हे वाक्य इंग्रजीत जसंच्या तसं उलथवलं, की ‘विसरणार’ पहिल्या चार शब्दांतच येतं. नट अजून ‘उद्या’वर आहे आणि प्रेक्षक हसून मोकळा. उपाय साधा आहे: वाक्य दोन पाट्यांत तोडायचं. पहिली अर्धवट सोडायची आणि दुसरी, नट ते शब्द उच्चारेल त्याच फ्रेमवर आणायची. प्रश्न आणि उत्तर एकाच पाटीत दोन डॅश देऊन कोंबले की हेच नुकसान होतं. आपल्या अनेक चित्रपटांत नेमकं तसंच कोंबलेलं दिसतं.

दुसरी अडचण आदराची. कोरियनमध्ये बरोबरीचं बोलणं म्हणजे ‘बानमाल’ आणि अदबीचं ‘जोंदेनमाल’. पात्र मध्येच एकातून दुसऱ्यात घसरलं की थिएटर हसतं. इंग्रजीत एकच ‘यू’. मग कुठे ‘सर’ घालावं लागतं, कुठे शिवी. ‘अहो’वरून एकदम ‘अरे’वर येणाऱ्या मराठी सासऱ्याचीही तीच गत. हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही, म्हणून तर अशा संवादांची सबटायटल्स आपल्याकडे उत्तम व्हायला हवीत.

जे पोहोचत नाही, तेही कबूल करतो. ‘एक्स्ट्रीम जॉब’ (2019) हा विनोदी चित्रपट कोरियात 1 कोटी 60 लाखांहून जास्त लोकांनी पाहिला, तोही जेमतेम सव्वापाच कोटींच्या देशात. पाळतीसाठी घेतलेलं चिकनचं दुकान धो धो चालू लागतं आणि पोलीस बिचारे तळत बसतात. सुवन शहराच्या गाल्बीचा, म्हणजे भाजलेल्या बरगड्यांचा, मसाला चिकनला लावणं इथे सहज कळतं, गाल्बी इथल्या एच-मार्ट या कोरियन किराणा दुकानात मिळते. पण नोकरी गेलेला मध्यमवयीन माणूस शेवटी चिकनचंच दुकान टाकतो, ही कोरियन घराघरातली धास्ती दोन ओळींत मावत नाही. इंग्रजी रिमेक हा त्यावरचा उपाय मानला जातो, पण ‘माय सॅसी गर्ल’ या कोरियन चित्रपटाचा 2008 चा रिमेक इथे थेट डीव्हीडीवर आला. ‘मिस ग्रॅनी’ या दुसऱ्या कोरियन चित्रपटाचा तेलुगू अवतार मात्र रुळला, कारण सुनेवर करवादणारी सासू तिथे आधीपासून घरात आहे. त्याच न्यायाने मराठी चित्रपट हिंदीत कदाचित चालेलही. पण मग तो मराठी म्हणून कुणाला दिसेल?

दूर राहून तिथल्या निर्मात्याला शहाणपण शिकवणं सोपं असतं, हे ठाऊक आहे. तरी बोलतो, कारण ज्या इंग्रजी वाचणाऱ्या प्रेक्षकासाठी खर्च नको म्हणता, तो कुणी परका अमेरिकन नाही. महाराष्ट्र मंडळाच्या खेळाला आईबापांच्या शेजारी बसलेली आमची मुलं आहेत ती. मराठी कानावर पडतं, पूर्ण कळत नाही, म्हणून डोळे खालच्या दोन ओळींवर. आईबाप हसतात तेव्हा ती अजून वाचत असतात, नाहीतर आधीच हसून गप्प झालेली असतात. एकाच रांगेत बसून हशा वेगवेगळ्या वेळी येतो.