मामाच्या क्वार्टरमधली खुर्ची

आज लेकीसाठी अभ्यासाचं टेबल बघायला गेलो होतो. शोरूमचं नाव सांगत नाही, उगाच जाहिरात कशाला. मधोमध चौथऱ्यावर एक खुर्ची, वर दिव्याचा झोत. कंपासपेटीतलं कर्कटक उघडून उभं ठेवावं तसे पाय, सागवान, वेताची जाळी. पाटी : 'चंडीगढ चेअर', ५२,००० रुपये. आणि ही नक्कल बरं का! मी सवयीने टेकायला गेलो तर तिथला मुलगा धावत आला. "सर, डिस्प्ले पीस आहे, बसू नका."

खुर्चीवर बसू नका. तेव्हापासून डोकं फिरलंय.

मामा चंडीगढला सरकारी नोकरीत होता. १९८८च्या मे महिन्यात आम्ही सगळी भावंडं त्याच्याकडे होतो. क्वार्टरमध्ये याच खुर्च्या, मागे पांढऱ्या रंगात डेडस्टॉकचा, म्हणजे सरकारी सामानाच्या नोंदवहीतला, नंबर. मी उड्या मारमारून एकीची जाळी फाडली. मामीने पाठीत धपाटा घातला आणि दुसऱ्या दिवशी वेतवाल्याला बोलावलं. तो अंगणात बसला, वेत भिजवला, संध्याकाळपर्यंत जाळी विणून मोकळा. रात्री मामा त्याच खुर्चीत पेपर वाचत होता.

ज्याने ही खुर्ची आखली त्या पिएर जानरेचं डोकं इथेच दिसतं. चंडीगढ शहर आखणारा आर्किटेक्ट ल कोर्बूझिए, त्याचा हा चुलतभाऊ. कोर्बूझिए वर्षातून दोनदा येऊन जायचा, हा १९५१ पासून १९६५ पर्यंत तिथेच राहिला. हाच माणूस १९२९ साली पॅरिसमध्ये कोर्बूझिए आणि डिझायनर शार्लोट पेरियाँबरोबर स्टीलच्या नळ्यांचं फर्निचर मांडत होता. चंडीगढला आल्यावर नळ्यांचा हट्ट धरला नाही. हाताशी सुतार होते, सागवान होतं, वेत होता. युली चौधरींसारखे इथले आर्किटेक्ट सोबत होते. सागाला वाळवी सहसा लागत नाही, जाळीतून वारा खेळतो, पाय सरळ फळ्यांचे, म्हणजे कुठल्याही वर्कशॉपला जमतील. म्हणून तर दोन खुर्च्या तंतोतंत सारख्या सापडत नाहीत. कारकुनाला, विद्यार्थ्याला बसायला केलेली वस्तू हो ती! चौथऱ्यावर काय चढवता?

आणि आपले साहेब लोक? फोमच्या फिरत्या खुर्च्या आल्या आणि या गेल्या गच्चीवर, पावसात. मग भंगाराच्या भावात लिलाव. परदेशी व्यापाऱ्यांनी उचलल्या, पॉलिश केल्या आणि तिकडे लाखांनी विकल्या. मागचा तो डेडस्टॉक नंबर म्हणे अस्सलपणाचा पुरावा! केंद्रीय गृहखात्याला या विक्रीवर बंदी घालायला २०११ उजाडलं. हो, त्या व्यापाऱ्यांनी नेल्या नसत्या तर बऱ्याच शेकोटीत गेल्या असत्या. मान्य. पुढे.

मामाने बदलीच्या वेळी सगळ्या खुर्च्या मोजून परत केल्या, पावतीवर सही घेतली. दादा आजही म्हणतो, एक जरी 'विसरला' असता तरी गाडी आली असती. मामा विसरणाऱ्यातला नव्हता.

लिहिता लिहिता राग जरा उतरलाय. त्या शोरूममधल्या मुलाचा काय दोष, त्याला नोकरी टिकवायचीय. आणि मी तरी कुठला शहाणा? आमच्या घरची वेताची खुर्ची जाळी फाटली म्हणून मीच भंगारवाल्याला दिली. वेतवाला शोधला का? नाही. ऑनलाइन एक काळी जाळीदार चाकांची मागवली, तिचा हात वर्षात तुटला. त्याला बदली भाग मिळत नाही.

जानरेची राख चंडीगढच्याच सुखना तळ्यात सोडलीय. १९८८ साली आम्ही त्याच तळ्यात बोटी मारत होतो, कुणाला ठाऊक होतं.

आत्ता मामीला फोन करून किंमत सांगितली. ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "बावन्न हजार? अरे, त्यात बसलं की मांडीला जाळीचे वळ उठायचे. मी उशी घालायचे. ती उशी आहे अजून, हवी का?"