पेशंटच्या वहीला हसू नका

‘पेशंटने त्रास सांगावा, बाकीचं डॉक्टरांवर सोडावं. वह्या आणि आकडे घेऊन येणारे पेशंट डॉक्टरांचा वेळ खातात आणि स्वतःची काळजी वाढवतात,’ असा मेसेज बऱ्याच ग्रुपांवर फिरतोय. त्यातले मुद्दे एकेक करून बघू.

‘पेशंटला फक्त स्वतःचं दिसतं, डॉक्टर हजारो पेशंट बघतात.’ अमेरिकेत कनेटिकट राज्यात लाइम नावाचं गाव आहे. तिथल्या पॉली मरे यांच्या घरात त्यांना स्वतःला, नवऱ्याला, मुलांना सांधेदुखीने ग्रासलं होतं. डॉक्टर एकेकाला तपासून पाठवत होते. शेजारपाजारच्या मुलांचेही गुडघे तसेच सुजतात, हे मरे यांच्या लक्षात आलं. त्यांनी सगळं टिपून ठेवलं आणि १९७५ मध्ये राज्याच्या आरोग्य खात्याला कळवलं. येल विद्यापीठाच्या डॉ. ॲलन स्टीअर यांनी शोध घेतला, तर लगतच्या तीन वस्त्यांत ५१ रुग्ण निघाले. त्यातली ३९ मुलं! हजारो पेशंट बघणाऱ्यांना हे दिसलं नाही, कारण दवाखान्यात प्रत्येक जण वेगळा केसपेपर होता. पुढे एका रुग्णाने आपल्याला चावलेली गोचीड जपून ठेवली होती, तिची जात ओळखता आली. त्याच जातीच्या गोचिडीत संशोधक विली बर्गडॉर्फर यांना १९८१ साली या रोगाचा जंतू सापडला. गावावरून त्याला लाइम रोग म्हणतात. आज त्यावर अँटिबायोटिक्स चालतात.

‘निरीक्षण म्हणजे विज्ञान नव्हे.’ मान्य. पण विज्ञानाला सुरुवात कुठून तरी करावी लागते. नॉर्वेतल्या बोर्गनी एगेलँड यांच्या दोन्ही मुलांची बौद्धिक वाढ खुंटली होती आणि त्यांच्या लघवीला कुबट वास यायचा. ही आई वर्षानुवर्षं डॉक्टरांचे उंबरे झिजवत राहिली. १९३४ मध्ये डॉ. आस्ब्यॉर्न फोलिंग यांनी ती लघवी तपासली. फेरिक क्लोराइड हे रसायन टाकताच रंग हिरवा झाला आणि फिनाइलकीटोन्यूरिया (अन्नातला एक घटक शरीराला पचवता येत नाही असा जन्मजात आजार) उघडकीला आला. आता कित्येक देशांत नवजात बाळाच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन तो लगेच ओळखतात.

राहिला ‘काळजी वाढते’ हा मुद्दा. काहींची वाढते, आणि आकडे बघून मनानेच गोळ्या बदलणं धोक्याचंच आहे. पण रिचर्ड बर्नस्टाइन हे मधुमेही इंजिनिअर १९६९ मध्ये घरच्या घरी रक्तातली साखर मोजू लागले, तेव्हा साखर मोजायचं यंत्र फक्त डॉक्टरांना आणि हॉस्पिटलांना मिळायचं. पत्नी डॉक्टर होती, म्हणून तिच्या नावावर घेता आलं. घरी साखर मोजण्याबद्दलचं बर्नस्टाइन यांचं लिखाण वैद्यकीय नियतकालिकांनी नाकारलं, तेव्हा ते चाळिशी उलटल्यावर मेडिकल कॉलेजात शिकायला गेले. आज इन्सुलिन घेणाऱ्या पेशंटला डॉक्टर स्वतःच विचारतात, ‘घरी किती भरते साखर? वही आणलीय का?’