शकुंतलेचा मालक लंडनमध्ये बसलेला नाही

पंधरा ऑगस्टच्या भाषणासाठी माझ्या भाचीला कुणीतरी तोच जुना फॉरवर्ड पाठवला. वऱ्हाडातली शकुंतला रेल्वे आजही ब्रिटिशांच्या मालकीची, भारत सरकार त्यांना दरवर्षी १ कोटी २० लाख रुपये मोजतं, आणि लंडनच्या परवानगीशिवाय तिथल्या स्टेशनाची वीटसुद्धा हलत नाही! पोरीनं ते पाठही करून टाकलं होतं.

मालकीचं आधी सांगतो, कारण त्यात थोडं तथ्य आहे. यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर ही सुमारे १९० किलोमीटरची नॅरोगेज लाईन सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीची. स्वातंत्र्यानंतरही सरकारनं ती ताब्यात घेतली नाही, जुना करार चालूच राहिला. एवढं कबूल. पण खासगी म्हणजे ब्रिटिश, हे कुठून आलं? कंपनीचा कारभार किलिक निक्सन या मुंबईतल्या पेढीकडे होता. पेढी १८५७ची, काढली इंग्रजांनी. स्वातंत्र्यानंतर ती भारतीयांच्या हातात आली. शिवाय अशा पेढ्यांनी कंपन्या चालवायची मॅनेजिंग एजन्सीची पद्धतच १९७० मध्ये कायद्यानं बंद झाली. झेंडा लावून फॉरवर्ड करणाऱ्यांनी निदान एवढं तरी वाचावं.

१ कोटी २० लाखांचा आकडा वर्षानुवर्षं तोच कसा? कंपनीचा वाटा गाडीच्या उत्पन्नातून यायचा. गाडी बंद पडली तरी आकडा जागचा हलत नाही.

खरा संताप येतो तो परवानगीच्या गोष्टीचा. ही लाईन आधी जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे) आणि १९५१ पासून मध्य रेल्वे चालवत आली. स्टेशन मास्तर, गार्ड, ड्रायव्हर सगळे रेल्वेचे. मँचेस्टरमध्ये १९२१ साली बनलेलं वाफेचं इंजिन काढून १९९४ मध्ये डिझेल लावलं, तेव्हा लंडनला कुणी तार केली होती? २०१६ मध्ये सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना ब्रॉडगेजची घोषणा झाली, तीही दिल्लीतूनच. रूळ खचले, गाड्या थांबल्या, तिकीट घराच्या खिडक्या गंजल्या, ते दुर्लक्षामुळं. पण ‘काय करणार, मालक इंग्रज’ म्हटलं की जाब विचारायला कुणी उरतच नाही. अचलपूर, दर्यापूर, कारंजा, दारव्ह्याची माणसं शकुंतलेसाठी भांडतात ती रेल्वे प्रशासनाशी. त्यांना हा फॉरवर्ड उलट आडवा येतो.

फॉरवर्डमधलं ‘आजही कोळशावर धावते’ वगैरे सोडून द्या, वर १९९४ लिहिलंच आहे.

विचारायचंच असेल तर हे विचारा: ब्रॉडगेज होईल तेव्हा होईल, पण कापसाच्या गाठी वाहण्यासाठी घातलेल्या या लाईनवरच्या जुन्या स्टेशन इमारतींचं काय? पाडणार, की जपणार? माथेरानची नॅरोगेज जपता येते, तर अचलपूरचं स्टेशन का नाही? हा प्रश्न थेट मध्य रेल्वेलाच विचारता येतो.